मोठं घर मिळालं, तरी आई रडते का?

"एवढं चांगलं घर मिळालं, आनंदात राहायचं सोडून आई रडत बसते. तिला डिप्रेशन आलंय का?" वरळीच्या बीडीडी चाळीतून नव्या टॉवरमध्ये गेलेल्या एका मुलाचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) समुपदेशक म्हणून पुनर्विकासात घर मिळालेल्या कुटुंबांकडून तो मी वारंवार ऐकते. त्यात काळजीइतकाच वैतागही असतो.

वैतागही समजण्यासारखा आहे. शंभर वर्षं जुनी चाळ, १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक संडास. त्यातून ५०० चौरस फुटांच्या हक्काच्या घरात जायला किती वर्षं वाट पाहिली! ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा पेढे वाटले गेले. अशा वेळी आईने रडायचं कोणत्या तोंडाने? काकूंना नेमकं हेच जड जात होतं. पहिल्या भेटीत त्या एवढंच म्हणाल्या, "तसं काही नाही हो ताई, सगळं चांगलंय."

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, तुमचा मजला काढून दाखवा. त्यांनी मधला पॅसेज काढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा चौकोन. मग भराभर आडनावं लिहायला लागल्या. हे गिरणीतले, ह्यांची मुलगी नर्स झाली, ह्यांच्याकडे मजल्यावरचा पहिला टीव्ही. अठरा चौकोन भरले. टोकाच्या दोन चौकोनांपाशी पेन थांबलं आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. "विसरले मी त्यांना. चाळ पाडून वर्ष झालं नाही, आणि मी विसरायलाही लागले."

पहाटे चारला त्यांना अजून जाग येते. चाळीत ती पाण्याची वेळ. आता नळाला कधीही पाणी असतं, पण त्या उठून बसतात आणि कानोसा घेतात. पॅसेजमधून कोण गेलं, हे त्यांना चपलेच्या आवाजावरून कळायचं. "इथे दार लावलं की मी आहे का गेले, कुणाला कळणार?"

हे ऐकल्यावर मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. काकू जेवतात, नातवाशी रमतात, टीव्हीवर मालिका बघतात. हे डिप्रेशन नाही, हा शोक आहे. अमेरिकेत बॉस्टनमधली वेस्ट एंड ही जुनी वस्ती पाडली, तेव्हा तिथून हललेल्या लोकांचा मार्क फ्राइड या मानसशास्त्रज्ञाने अभ्यास केला. माणूस गेल्यावर व्हावा तसा शोक त्याला अनेकांत दिसला. हे १९६३ चं निरीक्षण, पण आपण अजूनही "जुन्यात काय ठेवलंय" म्हणून विषय मिटवतो. (दोन आठवड्यांहून जास्त काळ खाणं-झोप बिघडली, कशातच मन लागेना किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर मात्र वेळ न घालवता मनोविकारतज्ज्ञांकडे न्या.)

मुलाला मी एकच सांगितलं: आई चाळीबद्दल बोलायला लागली की नव्या घराचे फायदे सांगू नका, पुढचं विचारा. ते मान हलवत होते, पण नजर कागदावर होती. मग ते एका रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "आई, इथे ते शिंपीकाका. दहावीला मी त्यांच्याच खोलीत अभ्यास केला." त्यानंतर बराच वेळ त्यांना बोलता येईना. आईच्या आठवणींवर चिडणाऱ्या या मुलाने स्वतःही चाळीचा निरोप घेतला नव्हता.

पुढच्या वेळी तोच कागद परत आला, चौकोनांत नव्या घरांचे नंबर लिहून. सोडतीत शेजारी वेगवेगळ्या मजल्यांवर गेले होते, पण पाच घरं त्याच टॉवरमध्ये निघाली. नवव्या मजल्यावरच्या एका जुन्या शेजारणीशी काकूंचं ठरलंय: संध्याकाळी पाच ते सात दोघींनी दार उघडं ठेवायचं, आणि आठच्या आत एकीने तरी लिफ्टने दुसरीकडे जाऊन यायचं. पहाटे चारला जाग अजून येते. आता त्या उठून चहा टाकतात, आणि कधी कधी मुलगाही येऊन बसतो. विसावा चौकोन अजून रिकामाच आहे. दोघं मिळून आठवतायत.