पोरगं नुसतं ‘हौदु’ म्हणतं

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला. भाचा सोळा वर्षांचा, त्याचे वडील नाहीत, म्हणून माझ्याकडंच असतो. गेल्या महिन्यात बेळगावात मित्रांबरोबर दुसऱ्याची मोटारसायकल नेली म्हणून धरला. तिघंही अठराच्या आतले. दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळापुढं उभा केला, जामीन झाला, घरी आणलाय. कागद कन्नडमध्ये होता. मी सही केली, पण काय लिहिलंय ते कळलं नाही. रोज पहाटे भरतीसाठी पळायचा, आता अंथरुणातून उठत नाही. गावात म्हणतात, केस मोठ्यांच्या कोर्टात जाणार आणि मिलिटरीचं दार कायमचं बंद. खरं काय? – एक मामा

उत्तर : मामा, मोठ्यांच्या कोर्टाची भीती आधी मनातून काढा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तशी वाट आहे, पण सोळा पूर्ण झालेल्या मुलावर किमान ७ वर्षांची शिक्षा असलेल्या घोर गुन्ह्याचा आरोप असेल तरच. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं. म्हणजे या कायद्याच्या हिशेबात किरकोळ गुन्हा. त्याची चौकशी मंडळापुढं पहिल्यांदा नेल्यापासून ४ महिन्यांत संपवायची, फार तर आणखी २ महिने. तरी संपली नाही तर प्रकरण बंद होतं. ती पहिली तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

भरतीचं म्हणाल तर, गुन्हा शाबीत झाला तरी त्याच्यापायी मुलाला अपात्र ठरवता येत नाही, असं कलम २४ सांगतं. आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, हे कलम ७४ मध्ये आहे. उद्या पहाटे त्याला हाक मारा. पळू दे.

मला जास्त घोर लागलाय तो तुमच्या न कळलेल्या कागदाचा. सीमाभागातल्या एका मंडळावर मी तीन वर्षं सदस्य होते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांत एक तरी बाई लागतेच. तिथं एक मुलगा आला होता. काहीही विचारलं की ‘हौदु’, म्हणजे कन्नडमध्ये ‘हो’. शाळेत जातोस? हौदु. वडील घरी आहेत? हौदु. वडिलांच्या ताब्यात द्यावं, शाळेत हजेरी लावावी, असा आदेश टाइप होऊन समोर आला होता. सहीच्या आधी माझं लक्ष त्याच्या मनगटांकडं गेलं. भाजल्याचे बारीक तांबूस ठिपके, फौंड्रीत ठिणग्या उडून पडतात तसे. मराठीत विचारलं तेव्हा कळलं, शाळा सुटून दोन वर्षं झाली होती आणि वडील वारले होते. मराठी शाळेत कन्नड विषय असतो हो, पण पोलीस आणि कोर्टाची कन्नड पोराला कुठली झेपणार? आम्ही तो आदेश थांबवला आणि परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे मुलाच्या घरची माहिती काढून मंडळाला देणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरला, प्रत्यक्ष त्याच्या घरी पाठवलं.

सुधारणा म्हटलं की कुणी शिक्षा कडक करा म्हणतं, कुणी निरीक्षण गृहाला, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या जागेला, नवी इमारत मागतं. मी म्हणते, आमच्या भागात आधी प्रत्येक सुनावणीला दुभाषी बसवा. कायदा नवा करायला नको, कलम ८ मध्ये ते लिहिलेलंच आहे : मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल तर मंडळानं दुभाषी द्यायचा. यात कन्नड-मराठीचा वाद आणू नका. उद्या कन्नड पोरगं कोल्हापुरात सापडलं तर त्याचाही हाच हक्क आहे.

दुसरं, सामाजिक तपासणीचा अहवाल, म्हणजे पोराचं घर, शाळा, संगत यांची माहिती. परिविक्षा अधिकाऱ्यानं तो १५ दिवसांत द्यायचा असतो. महिना झाला म्हणता, मग कुणी घरी आलं होतं का? आलं नसेल तर पुढच्या तारखेला विचारा. अहवाल बसल्या जागी लिहिला की काय होतं ते वर त्या ‘हौदु’ म्हणणाऱ्या पोराच्या बाबतीत सांगितलंच. घरी येतील तेव्हा सगळं तुम्हीच बोलू नका. पोराला बोलू द्या. पहाटेचं पळणं, ते मित्र कोण, गाडी का नेली, हे त्याच्या तोंडून यायला हवं. मंडळ त्याला समज देऊन सोडेल, समुपदेशनाला पाठवेल की देखरेखीखाली घरीच ठेवेल, ते या अहवालावर पुष्कळ अवलंबून असतं.

दुभाष्यासाठी दोन ओळींचा अर्ज पुरतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं वकील फुकट मिळतो, त्याच्याकडून आधी तो जामिनाचा कागद वाचून घ्या. हजेरीची अट असेल आणि चुकली तर पंचाईत होईल. गावात मात्र कुणाला दाखवू नका. मुलाचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून कायदा एवढा जपतो, ते आपल्याच हातून नको जायला.