इंग्रजीतले सारखे दिसणारे शब्द लिहिताना दर वेळी गोंधळ होतो. फरक लक्षात कसा ठेवावा?

अफेक्ट-इफेक्ट, ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ अशा जोड्या पाठ करूनही ऐन वेळी घोळ होतो, असं तुम्ही लिहिलंय. माझंही बरीच वर्षं तेच व्हायचं. माझ्या मते चूक जोडीनं पाठ करण्यातच आहे. दोन शब्द शेजारीशेजारी घोकले की ते डोक्यातही एकमेकांना चिकटून बसतात.

मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांत आपली सहसा गल्लत होत नाही, कारण एक दिनदर्शिकेत भेटतो, दुसरा दीनदुबळ्यांत. प्रत्येकाचा गोतावळा वेगळा. इंग्रजी शब्दांचाही तसाच गोतावळा शोधा.

'स्टेशनरी' घ्या. शेवटी ईआरवाय असेल तर वह्या-कागद, एआरवाय असेल तर स्थिर. मूळ एकच, जागेवर उभं असणं. मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ असत. विद्यापीठांजवळ पुस्तकं विकणारा मात्र एका जागी दुकान मांडून बसे, म्हणून तो स्टेशनर. बेकरची जशी बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. दोन्हींत 'ई' आहे. स्थिर या अर्थाचं विशेषण मात्र प्रायमरी, सेकंडरी या विशेषणांच्या पंगतीत बसतं, तिथे 'ए'. हे कळल्यापासून माझा हा शब्द एकदाही चुकलेला नाही.

काही जोड्या कानानं सुटतात. ॲडव्हाइस हे नाम, शेवटी 'स'; ॲडव्हाइझ हे क्रियापद, शेवटी 'माझा'तल्या 'झ'सारखा आवाज. बिलीफ-बिलीव्ह, प्रूफ-प्रूव्ह यांतही नामाचा शेवट असाच अघोष (उच्चारताना गळ्यात कंप नसलेला) आणि क्रियापदाचा घोष (कंप असलेला). 'प्रॅक्टिस' मात्र दगा देतो. उच्चार एकच, पण ब्रिटिश पद्धतीत नामाला 'सी' आणि क्रियापदाला 'एस' लिहितात. तिथे ॲडव्हाइसचंच स्पेलिंग आठवायचं.

इफेक्टसाठी 'साइड इफेक्ट' एवढंच पुरे, ते नाम आहे. अफेक्ट बहुतेक वेळा क्रियापद असतं. इफेक्टही क्वचित क्रियापद होतं, तेव्हा अर्थ 'घडवून आणणे', पण सुरुवातीला त्यात शिरू नका.

स्पेलचेकवर फार विसंबू नका. दोन्ही शब्द बरोबरच असल्यामुळे तो पुष्कळदा गप्प बसतो. मी एका वहीत फक्त माझे चुकलेले शब्द लिहितो, प्रत्येक शब्द त्याच्या पूर्ण वाक्यासकट. त्याचा जोडीदार वेगळ्या पानावर.