पास्टर दर रविवारी शिकवतात, मग बायबलचा अभ्यास स्वतः कशाला करायचा?

तुम्ही विचारलंय की चर्चमध्ये पास्टर दर रविवारी वचन समजावून सांगतात, रोज सकाळी मोबाईलवर एक वचन येतं, मग साध्या विश्वासणाऱ्याने वेगळा अभ्यास करायची गरज काय, आणि अर्थ चुकीचा लावला तर उलट नुकसानच नाही का. दोन्हीचं उत्तर देतो, पण आधी त्या मोबाईलवरच्या वचनाबद्दल बोलू, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 (अध्याय 29, वचन 11) तुम्हाला कोणीतरी नक्की पाठवलं असेल. देव म्हणतो, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, आशा देणारे. इंटरव्ह्यू असो, परीक्षा असो, लग्न जमत नसो, हेच वचन येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं आता लवकरच काहीतरी चांगलं होणार. आता फक्त एक वचन मागे जा. 29:10 मध्ये लिहिलंय की बाबेलची 70 वर्षं भरली की मग मी तुम्हाला परत आणीन. 70 वर्षं! हा अध्याय म्हणजे यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र आहे. म्हणजे ज्या बंदिवानांसाठी ते लिहिलं त्यातले कितीतरी जण परत जायच्या आधी तिथेच मरणार होते. अजून थोडं मागे, 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो, तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतोय की दोनच वर्षांत सगळं ठीक होईल, यिर्मयाने बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडूनही टाकतो. लोकांना दोघांपैकी कोणाचं म्हणणं आवडलं असेल ते काय सांगायला नको. पण हनन्याला देवाने पाठवलंच नव्हतं आणि तो त्याच वर्षी मेला. आणि यिर्मयाच्या पत्रात काय आहे, तर घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, आणि तुम्हाला फसवणाऱ्या संदेष्ट्यांचं ऐकू नका. अशा पत्रातलं एक वाक्य उचलून आपण ते झटपट सुटकेचं आश्वासन म्हणून एकमेकांना पाठवतो.

हे कळल्यावर त्या वचनाचा आधार कमी होत नाही, उलट वाढतो. ज्याचं आजारपण वर्षानुवर्षं संपत नाहीये त्याला "लवकरच" म्हणून किती वेळा धीर देणार? त्याला पूर्ण अध्याय जास्त कामाचा आहे, कारण तिथे देव उशीर लागणार हे स्पष्ट सांगतो आणि तरीही आपल्या लोकांना सोडत नाही. पण हे एका ओळीच्या फोटोतून मिळणारच नाही, त्यासाठी स्वतः बायबल उघडून मागचं पुढचं वाचायलाच लागतं.

आता पास्टरांचं. काहींना वाटतं आपण तपासून बघितलं तर तो त्यांचा अपमान होईल. प्रेषितांची कृत्ये 17:11 वाचा. बिरुया गावातले लोक येशूचा प्रेषित पौल याचं बोलणं आनंदाने ऐकायचे आणि तो सांगतो ते खरंच तसं आहे का हे रोज शास्त्रात शोधून बघायचे, समोर साक्षात प्रेषित असताना! आणि त्यासाठी त्यांना कोणी रागावलेलं नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने त्यांना मोठ्या मनाचे म्हटलंय. चांगल्या पास्टरला तपासणारी मंडळी हवीच असते, आणि जो तपासू नका म्हणतो त्याच्या बाबतीत मी तरी सावध राहीन. एक गोष्ट विसरू नका, मत्तय 4 मध्ये सैतानसुद्धा वचनच वापरतो, स्तोत्र 91 मधलं, आणि येशू तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन सांगून उत्तर देतो. नुसतं "बायबलमध्ये लिहिलंय" एवढं ऐकून मान डोलवणं पुरेसं नाही हे तिथेच दिसतं.

चुकीचा अर्थ लागण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत असं खुद्द येशूचा शिष्य पेत्र याने लिहिलंय (2 पेत्र 3:16). पण स्वतः अभ्यास करणं म्हणजे एकट्याने करणं नव्हे ना. प्रेषितांची कृत्ये 8 मधला कूश देशाचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, कळत नव्हतं, तरी वाचत होता, आणि म्हणूनच सुवार्ता सांगणारा फिलिप्प आला तेव्हा त्याच्याकडे विचारायला नेमका प्रश्न होता की संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी. वाचलंच नसतं तर विचारलं काय असतं?

वेळेचं म्हणाल तर सुरुवातीला फार लागत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात 16च अध्याय आहेत, रोज एक वाचा, कोण कोणाला बोलतंय आणि त्याच्या आधी काय झालंय एवढंच बघा, अडलं ते लिहून ठेवा आणि पास्टरांना किंवा बायबल स्टडी ग्रुपमध्ये विचारा. आणि आजच करून बघायचं असेल तर पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:13 घ्या, तेच, ख्रिस्ताच्या सामर्थ्याने मी सर्व काही करू शकतो वालं. आधी 4:11 आणि 12 वाचा, मग पौल हे कुठल्या परिस्थितीत लिहितोय ते 1:13 मध्ये बघा, आणि मग "सर्व काही" मध्ये त्याने काय काय धरलंय ते वहीत लिहून काढा.