अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) कोच भरती केलेल्या पोरांना घडवतात कसे?

पहिलं वर्ष बहुतेकदा जिममध्ये आणि जेवणाच्या टेबलावरच जातं. अठरा वर्षांचा पोरगा बावीस वर्षांच्या गड्यासमोर टिकत नाही, म्हणून त्याला 'रेडशर्ट' करतात. म्हणजे सराव सगळा करायचा, पण सामने जवळपास नाहीत. चार हंगाम खेळायला पाच वर्षं मिळतात, त्यातलं एक असं वापरायचं. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष शाबूत राहतं.

या काळात पोरगा 'स्काउट टीम'मध्ये असतो. पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून मुख्य संघाला सराव द्यायचा. रोज मार खायचा, टाळ्या नाहीत. पण खरं शिक्षण इथेच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मैदानावरची जागा बदलणं. जे. जे. वॉट हा खेळाडू सेंट्रल मिशिगन विद्यापीठात टाइट एंड (आक्रमणात अडवणारा आणि पास झेलणारा) होता. ते सोडून तो स्कॉलरशिपशिवाय विस्कॉन्सिन विद्यापीठात आला, २००८ चा हंगाम रेडशर्ट म्हणून काढला आणि डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू) झाला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीग एनएफएलच्या खेळाडू-निवडीत, अकरावा! भरतीच्या वेळी खेळाडूला दिलेले स्टार (गुणांकन) बघून हे कुणी सांगितलं असतं का?

बाकी व्हिडिओ बघणं, प्लेबुक (संघाच्या ठरवलेल्या चालींचं पुस्तक) पाठ करणं चालूच असतं. हंगामात सक्तीच्या सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे (कागदावर तरी).

माझ्या मते आता अडचण संयमाची आहे. २०२१ पासून पहिल्यांदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, कॉलेज बदलताना वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे दोन वर्षं बेंचवर थांबायला पोरं तयार होत नाहीत आणि कोचही तयार खेळाडूच शोधतात.