आरशाने दाखवलेला खुनी

प्रश्न : मी नुकतीच १८१६ सालच्या इंग्लंडमध्ये घडणारी एक प्रेमकादंबरी वाचली. नायिकेकडे आजीचा एक आरसा आहे, आणि त्यात शेवटचे डोकावलेल्या माणसाचा चेहरा तिला दिसतो. एका निपुत्रिक जमीनदाराच्या खुनाचा तपास ती आणि मृताचा धाकटा भाऊ मिळून करतात. मी दोनशे पाने संशयितांची यादी करत राहिलो आणि शेवटच्या प्रकरणात आरसा खुन्याचा चेहरा दाखवून मोकळा झाला. ही वाचकाची फसवणूक नव्हे काय? की जादूच्या कथेत तर्क शोधणे ही माझीच चूक?

उत्तर : चूक आपली नाही. जादू पहिल्याच प्रकरणात आली, तर वाचक ती निमूटपणे मान्य करतो. पण रहस्य उलगडण्याचे कामही तिच्यावरच सोपवले, की मधल्या सगळ्या जबान्या आणि पत्रे निरर्थक ठरतात. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांत अलौकिक शक्तींना थाराच नव्हता. इतके सोवळे पाळण्याची गरज मला वाटत नाही. आरशाने चेहरा खुशाल दाखवावा, पण कथेच्या मध्यावर, आणि तो खुन्याचा नव्हे तर खून पाहणाऱ्याचा निघावा; मग त्याचा अर्थ लावण्याचे काम माणसांकडेच राहते.

मला अधिक खटकते ते हे, की लेखकाने स्वतः निवडलेल्या काळाचा उपयोगच करून घेतलेला नाही. ब्रिटनमध्ये १७३५ च्या कायद्यानंतर चेटूक हा गुन्हा राहिला नव्हता, चेटूक येते असा दावा करणे हा मात्र गुन्हा ठरला होता. गुप्तविद्येने चोरीचा माल शोधून देतो म्हणणाऱ्यालाही वर्षभराचा तुरुंगवास होऊ शकत असे. म्हणजे आरशात दिसलेले न्यायालयात सांगायला गेल्यास नायिका स्वतःच आरोपी ठरण्याचा धोका होता. शिवाय लंडनचे महानगर पोलीस दल स्थापन झाले ते १८२९ मध्ये. त्याआधी पुरावा जमवून खटला उभा करण्याचा भार बहुधा पीडिताच्या आप्तांवरच पडे. इथे तो भार धाकट्या भावावर आहे, आणि पुरावा कोठे शोधायचा हे ठाऊक आहे फक्त तिला. ‘तुला हे कसे कळले?’ हा त्याचा साधा प्रश्न मग प्रेमाच्या कबुलीइतका अवघड होऊन बसतो, कारण आरशाचे गुपित सांगणे म्हणजे आपले स्वातंत्र्यच त्याच्या हाती देणे.

त्यातून मृताला मूलबाळ नसल्यामुळे जहागीर ज्याच्याकडे जाणार, तो हाच भाऊ! त्याच्यावर संशय असतानाच तिला ते गुपित उघड करावे लागले असते, तर प्रेम, रहस्य आणि जादू हे तिन्ही धागे एकाच प्रसंगात गुंतले असते. आपल्या यादीत त्याचे नाव होते का, हे अवश्य कळवावे.