एका पेशीत दोन विषाणू

प्रश्न : मला काही वर्षांपूर्वी जननेंद्रियाचा हर्पिस झाला होता. आता तपासणीत एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) आढळला आहे. हे दोन विषाणू एकत्र आले की गर्भाशयमुखाचा कर्करोग होतोच, हे खरे आहे का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही, हे खरे नाही. मात्र आपल्या शंकेला आधार आहे, कारण १९७०च्या सुमारास बहुतेक संशोधकांचाही संशय हर्पिसवरच होता. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांना या कर्करोगाच्या गाठींच्या ऊतींत हर्पिसचा डीएनए सापडेना, म्हणून ते चामखिळीच्या विषाणूंकडे, म्हणजेच एचपीव्हीकडे वळले, आणि १९८३ मध्ये एचपीव्ही १६ व पुढच्या वर्षी एचपीव्ही १८ त्यांच्या चमूने शोधून काढला. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये हेच दोन प्रकार कारणीभूत असतात.

अमेरिकेतील बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या हीला पेशी प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत, आणि त्यांत एचपीव्ही १८ आहे. त्याचे ई६ प्रथिन बिघडलेल्या पेशीला थांबवणारा पी५३ हा प्रथिनरूपी पहारेकरी नष्ट करवते, तर ई७ प्रथिन विभाजन रोखणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करते. ई६ आणि ई७ यांना आवर घालणारे ई२ प्रथिनही विषाणूचेच असते. पण विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत घुसताना ई२चे जनुक बहुधा तुटते. प्रयोगात ई२ पुन्हा आत घातले, तेव्हा वर्षानुवर्षे विभागत राहिलेल्या या पेशींचे विभाजन थांबले. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोष नेमका कुठे आहे ते त्यातून उघड होते.

इतर विषाणूंचा परिणाम या यंत्रणेच्या आसपास घडतो. हर्पिसचे व्रण आणि दाह एचपीव्हीला साथ देत असावेत, असे काही अभ्यास सुचवतात. एचपीव्ही नसताना हर्पिस हा कर्करोग घडवत नाही. एचआयव्ही प्रतिकारशक्तीच खचवतो, त्यामुळे एचआयव्हीबाधित स्त्रियांना धोका सुमारे सहापट असतो. याउलट, एडेनो-असोसिएटेड हा निरुपद्रवी विषाणू प्रयोगशाळेत ई६-ई७ची निर्मिती दाबतो, मात्र त्यावर उपचार उभा राहिलेला नाही.

बहुतेक एचपीव्ही संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. तरीही स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुचवलेली पुढची तपासणी टाळू नका. आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते.