डोम कार, पॅनोरमा कार, ऑब्झर्व्हेशन कार: तिन्हींना व्हिस्टाडोम म्हणावे का?

प्रश्न थोडक्यात असा: एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद चालू आहे. त्यात निसर्ग पाहत करायच्या लांबच्या रेल्वेप्रवासाचे वर्णन असून डोम कार, पॅनोरमा कार आणि ऑब्झर्व्हेशन कार असे तीन शब्द येतात. अनुवादकाने तिन्हींसाठी ‘विस्टाडोम’ वापरला, त्याला संपादकांनी हरकत घेतली. हा शब्द चालेल का, मराठीत दुसरे काय म्हणता येईल, आणि लिहायचे ‘विस्टा’ की ‘व्हिस्टा’?

संपादकांची हरकत रास्त आहे. हे तीन डबे बांधणीने वेगळे आहेत आणि त्यांतून दिसणारेही वेगळे असते. एकाच शब्दात तिन्ही कोंबले, तर प्रवासी कुठे बसला आहे आणि कुठे पाहतो आहे, हेच वाचकाला कळणार नाही. प्रवासवर्णनात ते कळायलाच हवे.

आधी व्हिस्टाडोमबद्दल. हा शब्द आपल्याकडे भारतीय रेल्वेमुळे रुळला. २०१७ साली विशाखापट्टणम ते अराकू मार्गावर असा डबा धावू लागला, त्याच वर्षी तो कोकण रेल्वेवर मडगावच्या गाडीला आला आणि २०२१ मध्ये मुंबई-पुणे डेक्कन एक्स्प्रेसला. मोठ्या काचा, छतात काचेचे भाग, फिरवता येणाऱ्या खुर्च्या, एका टोकाला उभे राहून पाहण्याची जागा, अशी त्याची रचना. छताची उंची मात्र शेजारच्या डब्यांइतकीच. म्हणजे नावात ‘डोम’ आहे, पण डब्यावर घुमट नाही.

हे नाव पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा घुमट खराच होता. १९४४ साली सायरस ऑस्बर्न हे जनरल मोटर्सचे अधिकारी कोलोरॅडोतल्या ग्लेनवुड कॅन्यन या घळीतून इंजिनात बसून गेले. चालकाच्या जागेवरून समोर आणि वर जे दिसते, ते तिकीट काढून मागे बसलेल्यांना का दिसू नये, असे त्यांच्या मनात आले. बर्लिंग्टन रेल्वेने ती कल्पना उचलली आणि १९४५ मध्ये आपल्या ऑरोरा येथील कारखान्यात एका जुन्या डब्यावर काचेचा उंचवटा चढवला. हा ‘सिल्व्हर डोम’. या प्रकाराला बर्लिंग्टनने ‘व्हिस्टा-डोम’ म्हटले. १९४९ मध्ये शिकागो ते ओकलंड ही ‘कॅलिफोर्निया झेफर’ सुरू झाली, तिला असे पाच डबे होते, आणि रॉकी पर्वत व फेदर नदीची घळ दिवसाउजेडी ओलांडता येईल, असे तिचे वेळापत्रक बसवले होते. इतर कंपन्यांनी स्वतःची नावे काढली: युनियन पॅसिफिकचा ‘अ‍ॅस्ट्रा-डोम’, मिलवॉकी रोडचा ‘सुपर डोम’, ग्रेट नॉर्दर्नचा ‘ग्रेट डोम’. म्हणजे व्हिस्टाडोम हे मुळात विशेषनाम, जातिवाचक शब्द डोम कार. अनुवादकाने हा फरक राखायलाच हवा.

या डब्यात मधोमध जिना असतो, तो चढून गेले की काचेखालच्या खुर्च्या लागतात, सहसा चोवीस. घुमटाखाली जागा मिळावी म्हणून तिथली जमीन दोन्ही टोकांच्या चाकांमध्ये खाली उतरवलेली असते. वर बसले की गाडीचे छत पुढे पसरलेले दिसते, वळणावर इंजिन दिसते आणि कडा माथ्यापर्यंत दिसतो. याला मी सरळ ‘घुमटडबा’ म्हणेन. घुमट आणि गुंबज हे दोन्ही शब्द फारसी ‘गुंबद’कडे जातात, पण मराठीत ते इतके मुरले आहेत की परके वाटत नाहीत. उंचवट्याचा बोध होतो आणि जोडशब्दही जिभेवर अडत नाही.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण ते टाळवत नाही. ‘डोम’च्या मुळाशी लॅटिन ‘दोमुस’ म्हणजे घर. त्याचा संस्कृत भाऊबंद ‘दम’, अर्थ तोच. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी ‘वर्धमानं स्वे दमे’ आहे, आपल्या घरी वाढणारा. आपले ‘दंपती’ म्हणजे घराचे धनी, ते याच कुळातले. ‘व्हिस्टा’ इटालियनमधून आला, त्याच्या मागे लॅटिन ‘विदेरे’ म्हणजे पाहणे, आणि त्याची संस्कृत बहीण ‘विद्’ म्हणजे जाणणे. त्यामुळे व्हिस्टाडोम हा शब्द मला अजिबात उपरा वाटत नाही. माझा विरोध त्याच्या सरसकट वापराला आहे.

पॅनोरमा कारचे छत उंचावलेले नसते. बाजूच्या काचा वर वळत छताच्या कडेपर्यंत जातात, छताचा मधला पट्टा मात्र बहुधा बंदच असतो. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ धावणाऱ्या स्वित्झर्लंडच्या ‘ग्लेशियर एक्स्प्रेस’चे डबे असे आहेत. सुमारे आठ तासांचा प्रवास, २९१ पूल, ९१ बोगदे, आणि ओबरआल्प खिंडीत २०३३ मीटरची उंची. ‘पॅनोरमा’ हा शब्द ग्रीक घटकांतून अठराव्या शतकाच्या अखेरीस घडवला गेला, रॉबर्ट बार्कर या चित्रकाराच्या वर्तुळाकार चित्रांसाठी. पाहणारा मध्ये उभा आणि चित्र त्याच्या चहूकडे. मराठीत यासाठी पटकन ‘विहंगम’ सुचतो, आणि तो मी टाळायला सांगेन. विहंग म्हणजे पक्षी, विहंगम दृश्य उंचावरून खाली दिसणारे. घळीच्या तळातून जाणारा प्रवासी नेमके उलट करतो, मान वर करून पाहतो. ‘काचडबा’ किंवा निवेदनात ‘काचेच्या छताकडांचा डबा’ पुरेसा आहे. मला काचडबा आवडतो, उच्चारायला नेटका आहे. भारतीय व्हिस्टाडोमही बांधणीने याच जातीचा, त्यामुळे त्याचे वर्णन करताना हाच शब्द कामी येईल.

खरी अडचण ऑब्झर्व्हेशन कारची. तो गाडीचा शेवटचा डबा, मागे सरत जाणारा मुलूख पाहण्यासाठी. पूर्वी त्याच्या टोकाला कठड्याचा उघडा ओटा असे, पुढे गोलाकार काचेचे टोक आले. ‘निरीक्षण डबा’ म्हणू नका, कारण निरीक्षणात तपासणी येते आणि अधिकाऱ्यांनी रूळ तपासण्याचा डबा रेल्वेत खरोखरच असतो. ‘दर्शनी डबा’ तर अर्थच उलटवतो, दर्शनी भाग म्हणजे समोरून दिसणारा भाग, आणि हा डबा शेपटाला. माझी पसंती ‘सज्जाडबा’ला. घराच्या सज्जात उभे राहून बाहेर पाहतात, तसेच इथे. टोक काचेने बंद असले तरी शब्द तग धरतो.

तुमच्या पुस्तकात कॅनडाची टोरोंटो-व्हँकुव्हर गाडी आली, तर मात्र पंचाईत होईल. १९५५ साली सुरू झालेल्या ‘द कॅनेडियन’च्या शेवटच्या डब्याला वर घुमटही आहे आणि मागे गोल टोकही. त्या डब्यांना तिथल्या उद्यानांची नावे दिलेली आहेत आणि त्यावरून त्यांना ‘पार्क कार’ म्हणतात. तिथे ‘घुमट असलेला सज्जाडबा’ असे एकदा फोडून सांगावे आणि पुढे ‘पार्क कार’च ठेवावे.

लेखनाबद्दल: इंग्रजीतल्या ‘व्ही’साठी मराठीत ‘व्ह’ लिहिण्याची रीत पक्की आहे, व्हॅन, व्हिसा, टीव्ही, आणि ‘डब्ल्यू’साठी ‘व’, वायर, वॉर्ड. त्या रीतीने ‘व्हिस्टाडोम’. ‘विस्टा’ उच्चाराने चुकत नाही, कारण विहीर, विठ्ठल म्हणताना आपला ‘वि’ ओठ-दातांनीच होतो. पण एका पुस्तकात एकच रूप ठेवा.